डायजेस्टरचा मिक्सर: चालवताना, थांबवताना आणि वर काढताना

डायजेस्टर, म्हणजे जिवाणू ज्यात माल कुजवून बायोगॅस बनवतात ती बंद टाकी, उघडावा लागू नये, यासाठीच मिक्सरची सगळी देखभाल करायची असते. काही हजार घनमीटरची टाकी रिकामी करायची, तळाचा गाळ उपसायचा, मिक्सर बदलायचा, टाकी पुन्हा भरायची आणि जिवाणूंची घडी बसेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे, म्हणजे दोन-तीन महिने गेलेच. शिवाय त्या कामात माणसाला टाकीत उतरावे लागते, आणि बायोगॅस प्रकल्पातले सगळ्यांत धोक्याचे काम तेच. खाली जे लिहिले आहे ते ही वेळ येऊ नये म्हणून, आणि आलीच तर कोणाच्या जिवावर बेतू नये म्हणून.

समोर धरला आहे तो साखर कारखान्याशेजारचा, प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी) आणि थोडे शेण खाणारा सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या बायोगॅसचा, प्रकल्प. २०१८ मध्ये सीबीजीसाठी केंद्राची ‘सतत’ योजना आली आणि ऊसपट्ट्यात अशा प्रकल्पांची चर्चा सुरू झाली. प्रेसमडमध्ये उसाचे मेण असते, बगॅसचा बारीक चोथा असतो आणि शेतातली माती असते. मेण आणि चोथा वर तरंगून साय धरतात, माती तळाला बसते. आपल्याकडे बहुतेक कारखाने साखर गंधकाच्या प्रक्रियेने पांढरी करतात, त्यामुळे प्रेसमडमध्ये गंधकही येते आणि गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड वाढतो. शुद्धीकरणाआधीच्या गॅसमध्ये तो हजार-दोन हजार पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) निघाला तर नवल वाटू नये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपला मिक्सर कुठला, ते आधी नीट पाहा

तीन प्रकार सर्रास दिसतात. पहिला सबमर्सिबल: मोटर, गिअर आणि पंखा सगळे स्लरीत बुडालेले, उभ्या खांबावर वर-खाली सरकणारे, विंचच्या दोराला टांगलेले. दुसरा लांब शाफ्टचा: मोटर टाकीबाहेर, शाफ्ट भिंतीतून तिरका आत. तिसरा टाकीच्या माथ्यावर मधोमध बसवलेला, मिनिटाला दहा-वीस फेऱ्यांनी संथ फिरणारा उभा मिक्सर. स्टीलच्या उंच टाक्यांवर हाच जास्त दिसतो.

प्रत्येकाचा जीव वेगळ्या ठिकाणी अडकलेला असतो. सबमर्सिबलची मोटर सभोवतालच्या स्लरीने थंड होते. ती उघडी पडली की तापते, आणि तिचे स्फोटरोधक प्रमाणपत्रही बहुधा ‘बुडालेली असताना’ या अटीवरच दिलेले असते. लेव्हल घसरली की मिक्सर आपोआप बंद करणारा इंटरलॉक असतो तो यासाठी. ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून पॅनेलमध्ये तार मारून तो बायपास केलेला दिसतो. ती तार आजच्या आज काढा आणि लेव्हल का घसरते ते शोधा. दुसरे असे की, सर्वसाधारण सबमर्सिबल मोटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या द्रवासाठी बनवलेली असते. तुमचा डायजेस्टर ५० ते ५५ अंशांवर चालत असेल, तर त्या तापमानासाठीचेच मॉडेल आहे ना, हे नेमप्लेटवर वाचून घ्या.

माथ्यावरच्या मिक्सरला अनेकदा शाफ्टभोवती एक नळकांडे असते, त्याचे खालचे टोक स्लरीत बुडलेले. गॅस अडतो तो या बुडालेल्या भागामुळे. लेव्हल त्याच्या खाली गेली की शाफ्टच्या बाजूने गॅस थेट छतावर येतो, तोही नेमका मोटरपाशी. म्हणून अशा टाकीची किमान लेव्हल नळकांड्याच्या टोकावरून ठरवायची आणि ती रेघ साइट ग्लासजवळ, म्हणजे टाकीत पाहायच्या काचेजवळ, रंगवून ठेवायची. लांब शाफ्टच्या मिक्सरमध्ये सगळा भार भिंतीतल्या सीलवर आणि आतल्या टोकाच्या बेअरिंगवर असतो. भिंतीबाहेर स्लरीचा ओघळ दिसला की सील गेला असे समजा. ‘थोडेसेच झिरपते’ ही अवस्था फार दिवस थोडीशी राहत नाही.

पाळी सुरू होताना

पॅनेलकडे जाण्याआधी टाकीभोवती एक फेरी मारायची. कमरेला गॅस डिटेक्टर, चालू आणि तपासलेला. चार्जिंगला लावलेला डिटेक्टर कोणाला वाचवत नाही. स्लरीची लेव्हल, गॅसचा दाब, जादा गॅस जाळणाऱ्या फ्लेअरची पायलट ज्योत आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हच्या वॉटर सीलमधले पाणी पाहायचे. हे शेवटचे मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे एप्रिल-मेमध्ये रोज पाहावे लागते, कारण उन्हाने पाणी उडून जाते आणि व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा कमी दाबालाच गॅस सोडू लागतो. पाणी टाकताना मोजूनच टाकायचे. जास्त झाले तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडणार नाही.

मग साइट ग्लासमधून आत पाहायचे. पृष्ठभाग हलता, ओलसर, मधूनमधून बुडबुडे येणारा असेल तर ठीक. कोरडा, भेगाळलेला थर दिसला तर साय धरली आहे आणि आजचे काम वेगळे आहे, ते पुढे सांगतो. फेस काचेपर्यंत आला असेल तर मिक्सरला हात लावू नका, आधी फीड थांबवा.

एका टाकीत दोन-तीन मिक्सर असतील तर एकदम सुरू करायचे नाहीत. एक सुरू करून करंट स्थिरावला की काही मिनिटांनी दुसरा. यात विजेचा भार एकदम पडत नाही, पण खरे कारण गॅस आहे. स्लरीत अडकलेला गॅस मिक्सर हलवताच सुटतो, आणि तो एकदम सुटू द्यायचा नसतो.

किती वेळ फिरवायचा

दर अर्ध्या तासाला १० ते १५ मिनिटे, इथून सुरुवात करायला हरकत नाही. त्यापुढचे उत्तर तुमच्या टाकीलाच विचारा. आठवडाभर काचेतून पृष्ठभाग पाहा. साय धरत नसेल तर वेळ दोन मिनिटांनी कमी करा, पुन्हा आठवडाभर पाहा. पृष्ठभाग थबकू लागला की एक पायरी मागे या. जास्त फिरवले म्हणजे जास्त गॅस, हा गैरसमज आहे. जोरजोरात ढवळल्याने एकमेकांच्या आधाराने जगणाऱ्या जिवाणूंचे पुंजके मोडतात, फेस वाढतो आणि वीजबिल फुगते. फीड टाकल्यावर मात्र लगेच एक पूर्ण फेरी द्यावी, नाहीतर ताजा प्रेसमड एका कोपऱ्यात ढिगासारखा बसतो.

मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल तर वेग थोडा कमी करून पाहण्यासारखा असतो. पंख्याला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी घटवला की शक्ती जवळपास २७ टक्क्यांनी घटते. पण मोटर ड्राइव्हवर चालवण्यासाठी प्रमाणित आहे का, हे आधी उत्पादकाकडून लेखी घ्यावे.

घट्टपणाचेही असेच. टाकीतल्या स्लरीत घन पदार्थ ८ ते १० टक्के असतील तर बहुतेक मिक्सर सुखाने चालतात. १२ टक्क्यांच्या पुढे पंख्यासमोरची स्लरी फिरते आणि लांबची जागची हलत नाही. प्रेसमडमध्ये घन पदार्थ २५ ते ३० टक्के असतात, तेव्हा फीड टँकमध्ये तो किती पातळ केला याची नोंद नसेल तर मिक्सरला दोष देण्यात अर्थ नाही.

करंटची वही

मिक्सर स्लरीत बुडालेला. दिसत नाही, हात लागत नाही, आवाजही नीट येत नाही. त्याची नाडी म्हणजे अँपिअर. एक साधी वही ठेवा: तारीख, वेळ, मिक्सर क्रमांक, स्लरीची लेव्हल, घन पदार्थांचा अंदाज आणि स्थिरावल्यानंतरचा करंट. स्काडावर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या संगणकावर, आलेख असतो हे मान्य. पण हाताने आकडा लिहिणारा ऑपरेटर कालच्या ओळीकडे पाहतोच, हा वहीचा फायदा.

समजा १५ किलोवॉटची मोटर आहे, नेमप्लेटवर २८ अँपिअर, आणि रोजच्या स्लरीत ती २१ घेते. आकडा आठवड्याभरात हळूहळू २५ वर गेला तर स्लरी घट्ट होते आहे, पाणी वाढवा. एका पाळीतच २१ वरून २७ झाला तर पंख्याला काहीतरी गुंडाळले आहे. शेणाबरोबर येणारी नायलॉनची दावी हे यातले मोठे कारण. गोठ्यातून शेण भरताना तुटके दावे, सुतळी, पोत्याचा तुकडा सगळे ट्रॉलीत येते, आणि दावे एकदा पंख्याच्या मुळाशी बसले की तिथून सीलमध्ये शिरते. फीड टँकच्या तोंडावर जाळी बसवून ती दर पाळीला साफ करण्याचा खर्च एका सील किटहून कमी आहे.

करंट कमी झाला की लोक खूश होतात. होऊ नये. २१ चा १४ झाला तर पंख्याचे पाते तुटले असेल, वाळूने झिजले असेल, किंवा पंखा साय आणि हवेत अर्धवट फिरत असेल. काटा सतत थरथरत असेल तर बेअरिंग किंवा तोल गेलेला पंखा. आणि केबलचे काम झाल्यावर आकडा वेगळा येऊन टाकी ढवळली जात नसेल, तर आधी दोन फेज उलटे तर जोडले नाहीत ना ते पाहा. उलटा फिरणारा मिक्सर करंट घेतो, पण काम करत नाही.

ओव्हरलोडवर मिक्सर ट्रिप झाला तर एकदा कारण पाहून रीसेट करता येतो. दुसऱ्यांदा झाला की थांबायचे. ओव्हरलोड रिलेचे सेटिंग वाढवून ‘चालवून घेतलेला’ मिक्सर बहुधा वाइंडिंग जळल्यावरच बाहेर येतो.

बरेच दिवस बंद राहिलेला मिक्सर

ही जागा रेंगाळण्याची आहे, कारण अपघात इथे होतात.

महावितरणची लाइन दोन दिवस गेली, जनरेटरवर फक्त ब्लोअर आणि कंट्रोल चालवले. किंवा सील यायला आठवडा लागला. तेवढ्या काळात जिवाणू थांबलेले नसतात. गॅस तयार होत राहतो आणि सायीखाली, घट्ट स्लरीत बुडबुड्यांच्या रूपाने अडकून बसतो. स्लरी फुगते, लेव्हल वर दिसते. फीड न टाकता लेव्हल वाढत असेल तर तो गॅसच आहे. अशा वेळी सगळे मिक्सर पूर्ण वेगाने सुरू केले तर तासांचा गॅस मिनिटांत सुटतो. दाब चढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, फेस गॅसच्या पाइपमध्ये शिरतो, आणि त्या पाइपमध्ये स्लरी अडकली तर गॅसला बाहेर पडायला वाट उरत नाही. दुहेरी पडद्याचे छत असेल तर ते फाटू शकते. स्टीलच्या टाकीचा माथाही उचलला जाऊ शकतो.

म्हणून क्रम असा. फीड बंदच ठेवा. शक्य असेल तर आधी लेव्हल थोडी खाली घ्या, मात्र किमान रेघेच्या वरच राहा, आणि उपसताना टाकीत निर्वात होत नाही ना, इकडे लक्ष ठेवा. फ्लेअर पेटलेला आणि गॅसच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह उघडे आहेत याची खात्री करा. टाकीच्या छतावर आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या वाऱ्याच्या दिशेला कोणी नको. आसपास वेल्डिंग, ग्राइंडिंग, बिडी काहीही नको. एकच मिक्सर, ड्राइव्ह असेल तर कमी वेगाने, दोन-तीन मिनिटे. थांबा, दाब पाहा, खाली आला की पुन्हा. अख्खा दिवस गेला तरी चालेल. दाब खाली यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत असेल तर सुरू करू नका. गॅसची लाइन कुठे बुजली आहे ते आधी शोधा.

साय फार जाड असेल तर सबमर्सिबल वर घेऊन पृष्ठभागाजवळ आणायचा मोह होतो. पंखा पूर्ण बुडालेला राहील इतकाच वर घ्या. भोवरा पडून तो हवा ओढू लागला तर साय फुटत नाही, मोटर मात्र तापते.

सबमर्सिबल वर काढताना

हे काम परमिटशिवाय सुरू करायचे नाही, आणि ‘पाच मिनिटांचे आहे’ या सबबीवर तर नाहीच. सर्व्हिस हॅच उघडली की त्या भोवतीची जागा स्फोटक ठरते. हवेतले मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगी पुरते.

१. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली ज्याचे हात आत जाणार त्या फिटरच्या खिशात. टॅगवर त्याचे नाव आणि वेळ. कंट्रोल रूममधून ‘स्टॉप’ दाबणे म्हणजे बंद करणे नव्हे. ड्राइव्हला ऑटो कमांड आली की मिक्सर फिरतो.

२. स्थानिक स्टार्ट बटण दाबून तो खरेच सुरू होत नाही ना ते पाहा.

३. गॅसचा दाब शक्य तितका खाली आणा. हॅचपाशी मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड मोजा. काम करणाऱ्याने वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहायचे, आणि तोंड कधीही हॅचवर नेऊन आत डोकावायचे नाही. आतल्या गॅसचे दोन-चार श्वासही माणूस आडवा करू शकतात.

४. पितळी किंवा ठिणगी न पाडणारी हत्यारे, स्फोटरोधक टॉर्च. मोबाइल खाली ठेवून यायचे.

५. विंचचा दोर आधी नजरेखाली घाला. तुटलेल्या तारा, गंज, विशेषतः जो भाग नेहमी गॅसमध्ये असतो तिथे. स्लरीच्या वरच्या गॅसपट्ट्यात लोखंड सर्वांत आधी खाल्ले जाते. शंका असेल तर वेगळी चेनपुली लावा. मिक्सर कधीही केबलला धरून ओढायचा नाही.

६. दोराबरोबर केबलही हाताने वर घेत राहायची. सैल केबल पंख्यात जाते किंवा खांबाच्या कडेला घासून तिची साल निघते.

७. मिक्सर बाहेर आला की हॅच लगेच झाका. उघडी हॅच आणि चहाला गेलेली माणसे, हे दृश्य दिसता कामा नये.

बाहेर काढलेला मिक्सर जागेवरच धुवा आणि पंखा हाताने फिरवून पाहा. खरखर किंवा ढिला खेळ असेल तर बेअरिंग. ऑइल चेंबरचा प्लग उघडून थोडे तेल पारदर्शक भांड्यात घ्या. दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी शिरले आहे आणि बाहेरचा सील गेला आहे. मोटरपर्यंत पोचण्याआधी बदला. केबल ड्राइव्हपासून सोडवून मेगरने इन्सुलेशन मोजा. चांगली मोटर शेकड्यांत मेगाओहम दाखवते. मागच्या वेळेपेक्षा आकडा झपाट्याने खाली आला असेल तर एका मेगाओहमवर येईपर्यंत वाट पाहू नका. पुन्हा सोडताना खांबावरची उंची आणि कोन आधीसारखाच आहे ना ते पाहा. म्हणूनच काढण्याआधी दोन्हींवर रंगाची खूण करून ठेवायची.

टाकीत उतरावेच लागले तर

हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सगळ्यांना माहीत असतो, आणि घात होतो तो त्या भरवशावरच. साधारण १०० पीपीएमच्या वर काही मिनिटांतच नाक बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला असे वाटते, आणि माणूस पुढे जातो. पाचशेच्या पुढे काही मिनिटांत बेशुद्धी, हजाराच्या आसपास जवळजवळ लगेच. आणि सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा हजार-दोन हजारांचा होता. हा वायू हवेपेक्षा जड, कार्बन डायऑक्साइडही जड. दोन्ही टाकीच्या तळाशी साचतात. आणि गाळात पाय घातला की तळात दबलेला गॅस नव्याने सुटतो. सकाळी मोजलेला आकडा दुपारी लागू नसतो.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. तिला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा. पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण वर ओढून काढता आला. त्या दोराइतकी स्पष्ट शिकवणी कुठल्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये मिळणार नाही.

तेव्हा: टाकी आधी पूर्ण रिकामी, मिक्सर आणि फीडच्या लाइनला कुलूप, लाइनवर नुसता व्हॉल्व्ह बंद न ठेवता पाइप पक्का बुजवणारी ब्लाइंड प्लेट. ब्लोअरने सतत हवा, स्फोटरोधक पंख्याने. वर, मध्ये आणि तळाशी तिन्ही ठिकाणी मोजणी: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, ज्वलनशील गॅस किमान स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली. काम चालू असेतोवर डिटेक्टर अंगावर. आत उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, दोराचे दुसरे टोक ट्रायपॉडच्या विंचला. दाराशी उभा असलेला माणूस दुसरे कुठलेही काम करणार नाही, आणि काहीही झाले तरी स्वतः आत जाणार नाही. त्याचे काम विंच फिरवायचे आणि मदत बोलवायची. आत लागणारा दिवा स्फोटरोधक आणि २४ व्होल्टच्या आतला. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही ही २४ व्होल्टची अट ३६-अ कलमात घातलेली होती. कंत्राटी गाळ काढणाऱ्यांनाही हे सगळे तितकेच लागू, किंबहुना त्यांना जास्त, कारण तुमची टाकी त्यांना नवीन असते.

तेल, वाइंडिंग आणि सुटे भाग

गिअरबॉक्सचे तेल पहिल्यांदा लवकर बदलायचे, बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकेत ५०० तासांच्या आसपास. नंतरचे अंतर पुस्तिकेत असेल तसे. हे तास मिक्सर चालल्याचे, कॅलेंडरचे नव्हेत, म्हणून आवर मीटर बंद पडला तर तो किरकोळ समजू नका. ग्रीस मारताना ‘अजून दोन पंप’ करण्याची सवय वाईट. जास्त ग्रीस सीलची कड उलटवते.

स्फोटरोधक मोटर जळाली तर ती जवळच्या रिवाइंडिंगवाल्याकडे देऊ नका. तो वाइंडिंग उत्तम करील, पण झाकणाच्या जोडाची फट, केबल ग्लँड, तापमानाचा थर्मिस्टर यांपैकी एक जरी मूळसारखा राहिला नाही तर ती मोटर स्फोटरोधक राहत नाही, नुसती पाटी राहते. अधिकृत दुरुस्ती केंद्रात महिना लागतो, म्हणून एक अख्खा मिक्सर राखीव असणे परवडते. तेवढे बजेट नसेल तर किमान दोन सील किट, बेअरिंगचा संच, तयार जोडलेली केबल आणि विंचचा नवा दोर ऑक्टोबरातच आणून ठेवा. नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की प्रेसमडच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या राहतात, आणि त्या वेळी खरेदी विभागाकडून सही मिळवायला मिक्सर दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ जातो.